एक तळं, सहा प्रहर

भंडारदऱ्याला हिवाळ्यात भल्या पहाटे धरणाच्या काठी जाऊन बसलं, तर पहिला अर्धा तास डोंगर दिसतच नाही. पाण्यावर धुकं अंथरलेलं असतं. होडीवाले शेकोटीपाशी हात शेकत असतात. पाठीमागे पूर्वेला उजाडू लागतं आणि समोर, जलाशयाच्या पार टोकाला, आधी रतनगडाचा माथा सुटा होतो. मग त्याखालच्या कड्यांच्या आडव्या रेघा दिसतात, मग झाडीचा काळपट पट्टा, आणि पाणी सगळ्यात शेवटी. थोड्याच वेळात राखी रंगाचा निळा होतो, निळ्याचा सोनेरी. ऊन चढलं की सगळं रोजच्यासारखं हिरवं आणि तपकिरी होऊन बसतं.

यातला भंडारदरा खरा कोणता? धुक्यातला, सोनेरी, की दुपारचा? डोंगर तोच, पाणी तेच, काठही तोच. तरीही तासातासाला चित्र बदलतं. या कोड्याला एका चित्रकाराने लाकडात कोरून उत्तर दिलं. भंडारदऱ्याचं धरण बांधून पूर्ण झालं ते १९२६ साली. त्याच वर्षी टोकियोत एका माणसाने समुद्रावरच्या शिडांच्या होड्यांचं एकच दृश्य सहा वेळांचं म्हणून सहा चित्रांत छापलं. त्या माणसाचं नाव हिरोशी योशिदा. निसर्गदृश्यांची रंगीत काष्ठमुद्राचित्रं, म्हणजे लाकडाच्या ठशांवरून छापलेली चित्रं, करणाऱ्या विसाव्या शतकातल्या मोठ्या कलावंतांत त्याची गणना होते. आपला आणि त्याचा संबंध केवळ एका सालाचा नाही. हा माणूस अजिंठ्याला आणि वेरूळला येऊन गेला होता.

कुरुमेचा मुलगा

योशिदाचा जन्म १९ सप्टेंबर १८७६ रोजी जपानच्या क्यूशू बेटावरच्या कुरुमे गावात झाला. त्याचं मूळ घराणं उएदा. शाळेतले चित्रकलेचे शिक्षक कासाबुरो योशिदा यांनी या मुलाचा हात ओळखला आणि १८९१ मध्ये, तो पंधराच्या आसपास असताना, त्याला दत्तक घेतलं. त्यानंतर त्याने आधी क्योतोत आणि मग टोकियोत चित्रकलेचं शिक्षण घेतलं. ते शिक्षण पाश्चात्त्य पद्धतीचं होतं, जलरंग आणि तैलरंग यांचं. लाकडी ठशांशी तेव्हा त्याचा काहीही संबंध नव्हता.

१८९९ साली तो हाचिरो नाकागावा या मित्राबरोबर अमेरिकेला गेला. डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात त्यांच्या जलरंगांचं प्रदर्शन झालं आणि चित्रं विकली गेली. पुढे युरोप पाहून तो परतला. त्यानंतरच्या लांब प्रवासात फुजिओ योशिदा त्याच्याबरोबर होती. ती स्वतः उत्तम चित्रकार होती आणि १९०७ मध्ये त्यांनी लग्न केलं. चाळिशी ओलांडेपर्यंत योशिदाची ओळख जलरंगांचा आणि तैलरंगांचा चित्रकार अशीच राहिली.

त्याला डोंगरांचं वेड होतं. जपानच्या उंच शिखरांवर तो तंबू ठोकून राहायचा आणि हवा तसा प्रकाश मिळेपर्यंत थांबायचा. १९२६ मध्ये जन्मलेल्या धाकट्या मुलाचं नाव त्याने होताका या शिखरावरून होदाका ठेवलं. त्याची चित्रं समजून घ्यायची तर हे वेड लक्षात ठेवावं लागतं. डोंगर चढणाऱ्याला ठाऊक असतं की पहाटे चारचा डोंगर वेगळा आणि सातचा वेगळा.

एका दुपारी जळालेलं काम

जपानमध्ये रंगीत लाकडी ठशांची परंपरा जुनी होती. अनेक रंगांच्या छपाईला १७६५ च्या सुमारास बहर आला. एकोणिसाव्या शतकात होकुसाईने फुजी पर्वताची आणि हिरोशिगेने तोकाइदो रस्त्यावरच्या मुक्कामांची चित्रं छापली, ती घरोघर गेली. पण या चित्रांवर एकट्याचा हात कधीच नसे. चित्रकार रेखाटन करी, कोरक्या कोरी, छापणारा छापी, आणि प्रकाशक पैसे घालून या तिघांना एकत्र आणी. फोटो आणि यंत्रावरची छपाई आल्यावर ही साखळी तुटायला आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोझाबुरो वातानाबे या प्रकाशकाने ती पुन्हा जोडली. या नव्या लाटेला ‘शिन-हांगा’, म्हणजे नवी मुद्राचित्रं, असं नाव पडलं.

१९२० मध्ये योशिदाने वातानाबेसाठी पहिलं रेखाटन दिलं. आणखी काही चित्रं झाली. मग १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराच्या सुमारास टोकियो-योकोहामा परिसराला महाभूकंपाने हादरवलं. पाठोपाठ आगी लागल्या. त्यात वातानाबेचं दुकान जळालं, आणि त्याबरोबर योशिदाचे ठसे आणि छापलेली चित्रंही गेली.

याच आगीत आपलंही काही जळालं, हे मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून भारतात आलेल्या काम्पो आराई या जपानी चित्रकाराने अजिंठ्यात मुक्काम करून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या आणि भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाल्या. अजिंठ्याच्या प्रतिकृतींवर आगीचा असा घाला त्याआधीही पडला होता. रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. चित्राची एकच प्रत असेल तर एक ठिणगी पुरते. ज्या चित्राच्या शंभर प्रती शंभर घरांत गेल्या, ते असं सहजासहजी पुसलं जात नाही. मुद्राचित्राची खरी ताकद हीच आहे.

भूकंपानंतर योशिदा, तो ज्या चित्रकारसंस्थेत होता तिथल्या चित्रकारांची चित्रं विकायला अमेरिकेला गेला. तिथे त्याला दिसलं की लोकांना तैलचित्रांपेक्षा जपानी मुद्राचित्रांची ओढ अधिक आहे. १९२५ मध्ये परतल्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्याने स्वतःचा छापखाना उभा केला. कोरके आणि छापणारे नोकरीला ठेवले आणि प्रकाशकाला वगळलं. स्वतः कोरायला आणि छापायला शिकला. ज्याला ते काम हाताने जमत नाही त्याने कारागिरांवर देखरेख करू नये, असाच त्याचा कारभार होता. स्वतःच्या देखरेखीखाली उतरलेल्या चित्राच्या समासात तो ‘जिझुरी’ असा शिक्का मारी. त्याचा अर्थ ‘स्वतः छापलेलं’. आजही संग्राहक योशिदाचं चित्र हाती आलं की आधी समासात तो शिक्का शोधतात.

लाकूड, खळ आणि चकलीसारखी दोरी

हे काम नेमकं होतं कसं, ते जरा जवळून पाहू. कारण रंगीत काष्ठमुद्राचित्राची थोरवी त्याच्या कृतीतच आहे.

आधी पातळ कागदावर रेखाटन करायचं. तो कागद पहाडी चेरीच्या फळीवर पालथा चिकटवायचा. चेरीचं लाकूड घट्ट आणि एकसारख्या पोताचं असतं, त्यात केसाएवढी रेघ टिकते. कागद पाठीमागून बोटाने चोळत पातळ करायचा, म्हणजे रेघा दिसू लागतात. मग सुरीने प्रत्येक रेघेच्या दोन्ही अंगांना काप द्यायचा, आणि जे नको ते लाकूड गोलचीने आणि पटाशीने काढून टाकायचं. रेघ उरते, बाकीचं खाली जातं. चूक झाली तर तिथे लाकडाची खुंटी ठोकून ती जागा पुन्हा कोरावी लागते.

हा झाला मुख्य ठसा. त्यावरून काळ्या रेघांच्या प्रती काढायच्या आणि एकेक प्रत एकेका रंगासाठी दुसऱ्या फळ्यांवर चिकटवून त्या कोरायच्या. आकाशाची फळी वेगळी, पाण्याची वेगळी, डोंगराच्या सावलीची आणखी वेगळी. एवढ्या फळ्यांवरून एकच कागद फिरवायचा, तर तो दर वेळी नेमका त्याच जागी बसायला हवा. त्यासाठी प्रत्येक फळीवर दोन खाचा कोरतात. कोपऱ्यात एक काटकोनी आणि त्याच कडेला थोड्या अंतरावर एक सरळ. त्यांना ‘केंतो’ म्हणतात. कागदाचा कोपरा पहिल्या खाचेत आणि कड दुसऱ्या खाचेत टेकवली की कागद चुकत नाही. इतकी साधी युक्ती, पण तिच्यावाचून रंगीत छपाई उभी राहिली नसती.

कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा. त्याला सरस आणि तुरटीचं पाणी दिलेलं असतं, म्हणजे रंग फुटत नाही. छपाईआधी कागद दमट करून गठ्ठ्यात ठेवतात. हा दमटपणा शेवटच्या रंगापर्यंत सारखा राखावा लागतो. कागद मध्येच सुकला तर आकसतो, आणि मग अचूक कोरलेल्या खाचाही कामाला येत नाहीत.

रंग पाण्यातला. फळीवर रंग आणि तांदळाची थोडी खळ टाकून ब्रशने पसरायची, वर कागद ठेवायचा आणि पाठीवरून ‘बारेन’ने घासायचं. बारेन म्हणजे तळहाताएवढी चकती. तिच्या आत बांबूच्या सालीची पिळलेली दोरी चकलीसारखी गुंडाळलेली असते आणि वरून पुन्हा सालीचंच आवरण घट्ट बांधलेलं असतं. इथे यंत्र नाही, दाबयंत्रही नाही. सगळा दाब छापणाऱ्याच्या खांद्यातून येतो. रंग कागदाच्या वर बसत नाही, तंतूंत शिरतो. म्हणून या चित्रांतलं आकाश रंगवल्यासारखं न दिसता कागदाच्या आतून उजळल्यासारखं दिसतं.

आकाशाच्या वरच्या कडेला गडद असलेला निळा खाली येता येता विरून जातो, ते काम ‘बोकाशी’चं. फळीचा काही भाग ओला करून रंग त्या ओलाव्याच्या कडेपर्यंत ब्रशने नेतात. दर प्रतीला ते नव्याने करावं लागतं. ठसा तोच असला, तरी प्रत्येक प्रतीत छापणाऱ्याचं मनगट दिसतं.

जुन्या चित्रांत कागद साधारण दहा-वीस वेळा ठशाखाली जाई. योशिदाचं समाधान तेवढ्यावर होत नसे. त्याच्या चित्रांत सरासरी तीस वेळा कागद ठशावर ठेवला गेला आणि निक्कोच्या योमेइमोन दरवाजाच्या चित्रात तर ९६ वेळा. हिशेब करून पाहा. तीस थरांच्या चित्राच्या शंभर प्रती काढायच्या, तर तीन हजार वेळा कागद ठेवायचा, घासायचा, उचलायचा. यातले कितीतरी थर नुसत्या राखी छटांचे असत. डोळ्याला ते वेगळे दिसत नाहीत. पण दरीला खोली येते ती त्यांच्यामुळेच.

सहा प्रहर

आता १९२६ च्या त्या होड्यांकडे येऊ. जपानच्या अंतर्गत समुद्रावर शिडांच्या होड्या संथ चालल्या आहेत आणि पाण्यात शिडांची लांब प्रतिबिंबं पडली आहेत. एवढंच दृश्य आहे. योशिदाने ते सहा वेळा छापलं. सकाळ, दुपारआधी, दुपार, धुकं, संध्याकाळ आणि रात्र. ठसे मूळ तेच ठेवून त्याने रंग आणि थर बदलले. धुक्याच्या चित्रात मागच्या होड्या विरून जातात. संध्याकाळच्या चित्रात आकाश आणि पाणी एकमेकांत मिसळतात. रात्रीच्या चित्रात उरतो फक्त गडद निळा आणि दिव्यांचा उजेड.

दिवसाला आठ प्रहर मानणाऱ्या आणि सकाळचे राग संध्याकाळी न गाणाऱ्या आपल्या मनाला हे परकं वाटू नये. तेच सात सूर, पण वेळ बदलली की भाव बदलतो. योशिदाने हे रंगांच्या बाबतीत केलं. कोरलेला आकार कायम ठेवल्याने बदल काय झाला ते स्वच्छ दिसतं, आणि बदलतो तो फक्त प्रकाश. निसर्गदृश्याचा खरा विषय डोंगर नसून डोंगरावर पडलेला प्रकाश आहे, हे त्याने सहा कागदांत दाखवून दिलं.

वेरूळच्या दारात

१९३० च्या नोव्हेंबरात योशिदा थोरला मुलगा तोशी याला घेऊन भारताच्या आणि आग्नेय आशियाच्या प्रवासाला निघाला. तोशी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. काही महिन्यांच्या या भटकंतीतून ३२ चित्रांची मालिका तयार झाली. कांचनजंगा, बनारसचे घाट, अमृतसरचं सुवर्णमंदिर, उदयपूरचे तळ्यातले महाल, मदुराई, सांची अशी ठिकाणं तिच्यात आहेत. एकट्या ताजमहालाची सहा चित्रं आहेत, त्यांत पहाटेच्या धुक्यातला ताज आहे आणि रात्रीचाही. फत्तेपूर सिक्रीच्या चित्रात तो इमारतीचं भव्य रूप दाखवत बसला नाही. दगडी जाळीतून आत झिरपणारा सोनेरी उजेड आणि त्या उजेडात बसलेली माणसं त्याने दाखवली. जाळीची नक्षी लाकडात कोरणं हे कारागिराचं काम. तिच्यातून येणारं ऊन छापणं हे त्याहून अवघड.

याच मालिकेत अजिंठा आणि वेरूळ आहेत. ही दोन्ही ठिकाणं तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. वेरूळच्या कैलास मंदिरासमोर लाकूड कोरणारा माणूस उभा राहिला, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे मंदिर वरून खाली खोदत आणलेलं आहे. त्यात दगडावर दगड रचलेला नाही. डोंगरातला नको तो दगड काढून टाकला, उरलं ते मंदिर. काष्ठमुद्राचित्राचा नियम हाच आहे. चित्रकार कागदावर रंग घालत जातो, कोरक्या लाकूड काढत जातो. काय ठेवायचं हे ज्याला आधी दिसतं, त्यालाच काय काढायचं ते कळतं. योशिदाने कैलासचं चित्र केलं तेव्हा काढून टाकण्याच्या एका कलेने दुसरीला दिलेला तो नमस्कारच होता, असं मी मानतो.

पुढे १९३९ मध्ये त्याने जपानी लाकडी छपाईवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि कोरण्या-छापण्याच्या युक्त्या जगासमोर उघड्या केल्या. ५ एप्रिल १९५० रोजी त्याचं निधन झालं. त्याने केलेल्या मुद्राचित्रांची संख्या अडीचशेच्या घरात आहे. तोशी आणि होदाका हे दोन्ही मुलगे मुद्राचित्रकार झाले.

आपल्याकडे काय झालं

महाराष्ट्रात रंगीत छापील चित्र आलं ते लाकडावरून नव्हे, दगडावरून. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा सुरू झाली, १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि तो पुढे मळवलीला गेला. या शिळाछापांनी देवदेवता आणि पुराणातले प्रसंग घराघरांत नेले. डोंगर, नदी, तळं त्यांत होतं, पण लक्ष्मी-सरस्वतीच्या मागचा पडदा म्हणून.

निसर्गाकडे त्याच्यासाठीच पाहणारे आपल्याकडे नव्हते असं नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या परिसरात राहिले आणि तिथलं पाणी, झाडं, रंकाळ्यावरचा संध्यामठ यांच्यावर बदलणारा उजेड त्यांनी आयुष्यभर रंगवला. योशिदा भारतात येऊन गेला त्याच सुमारास, १९३१ साली, त्यांचं निधन झालं. दोघांची नजर एकाच जातीची होती. फरक असा की आबालालांच्या चित्राची प्रत एकच. ती ज्याच्या भिंतीवर, त्याचीच.

रंगीत काष्ठमुद्राचित्राने भारतात मूळ धरलं ते बंगालात. रमेंद्रनाथ चक्रवर्ती आणि हरेन दास यांनी तिथली खेडी, नद्या, होड्या रंगीत ठशांत उतरवल्या. इतरांनी तैलरंग धरले तरी हरेन दासांनी लाकूड सोडलं नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकलेले यज्ञेश्वर शुक्ल इटलीत आणि चीनमध्ये मुद्राचित्रण शिकून आले. पण भंडारदरा, हरिश्चंद्रगड, नाणेघाट यांना घराघरांत नेणारी ठशांची मालिका मराठी माणसाच्या भिंतीवर आली नाही. ही आपल्या कलाजीवनातली खरी उणीव आहे.

सह्याद्री तर या कलेसाठीच घडवल्यासारखा आहे. लाव्ह्याचे थरावर थर बसून हा डोंगर झाला, म्हणून त्याचे कडे आडव्या रेघांनी आखलेले दिसतात. मुख्य ठशाची रेघ निसर्गाने आधीच ओढून ठेवली आहे. रतनगडाचं नेढं, कळसूबाईचा १६४६ मीटर उंचीचा माथा, अलंग-मदन-कुलंगची रांग हे आकार लांबूनही ओळखू येतात. शिवाय इथले ऋतू रंगाची फळीच बदलतात. जूनच्या तोंडावर काजव्यांनी चमकणारी झाडं, श्रावणात भातखाचरांचा पोपटी, दिवाळीनंतर पिकल्या भाताचा पिवळा, चैत्रात जळक्या गवताचा तांबूस. आकार तोच, रंग बारा महिन्यांचे.

कलाशाळेत शिकणाऱ्या मुलामुलींना म्हणून सांगावंसं वाटतं. चेरीचं लाकूड मिळालं नाही तरी चालेल, चांगल्या प्लायवूडवर सुरुवात करा. चार फळ्या, चार रंग आणि दोन खाचा एवढ्यावर पहिलं चित्र होतं. भंडारदऱ्याच्या शेंडी गावाच्या काठावरून रतनगडाचं एकच रेखाटन करा, आणि तेच ठसे सहा वेळांच्या रंगांत छापा.

आणि ज्यांना कोरायचं-छापायचं नाही, त्या आपण सगळ्यांनी एवढं तरी करावं. पुढच्या वेळी भंडारदऱ्याला जाल तेव्हा दिवसभरात दहा ठिकाणं पाहू नका. पाण्याकाठी एक जागा निवडा. तिथे पहाटे बसा, दुपारी या आणि सूर्य रतनगडामागे उतरताना पुन्हा या. फोन खिशात ठेवा. एकाच तळ्याची तीन चित्रं तुमच्या डोळ्यांत उमटतील, आणि योशिदाने एका कागदाला तीस-तीस वेळा रंग का दिला, ते सांगायला मग कुणाची गरज उरणार नाही.